चँडलर : ओसाड कधीच नसलेलं वाळवंटी शहर

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फीनिक्सच्या आग्नेयेला चँडलर नावाचं शहर आहे. १९५० साली इथं चार हजार माणसंही राहत नव्हती. २०२० च्या जनगणनेत २,७५,९८७ नोंदली गेली. इंटेलचे चिप बनवणारे कारखाने इथं आहेत, मायक्रोचिप कंपनीचं मुख्यालय इथं आहे, आणि त्यामुळे पुणे-मुंबई-नागपूरकडच्या कित्येक घरांत हे नाव आता सरावाचं झालं आहे. कुणाची मुलगी तिथं असते, कुणाचा भाचा. चार-सहा महिने राहून आलेले आईवडील परतल्यावर कौतुकानं सांगतात, ‘अहो, नुसतं वाळवंट होतं तिथं! काही म्हणजे काही नव्हतं. त्यावर एवढं शहर उभं केलंय.’

कौतुक खरं आहे, वाक्य खरं नाही. आणि ही चूक किरकोळ नाही, कारण ‘काही नव्हतं’ म्हटलं की आधीच्या माणसांचा हिशेब आपोआप मिटतो. चँडलरबद्दलचे बरेचसे गैरसमज या एका वाक्यातून फुटतात. म्हणून ते एकेक करून पाहायला हवेत.

गैरसमज : वाळवंट म्हणजे वाळू

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं जैसलमेरच्या टेकड्या येतात. चँडलर ज्या सोनोरन वाळवंटात आहे, तिथं वाळूचे ढिगारे शोधावे लागतात. जमीन कडक, गाळाची, पाणी मिळालं तर भरघोस पीक देणारी. वर्षाकाठी पाऊस जेमतेम वीस सेंटिमीटर, पण तो दोन हंगामांत विभागलेला: हिवाळ्यातल्या संथ सरी आणि जुलै ते सप्टेंबरमधला गडगडाटी पाऊस. या दुसऱ्या पावसाला तिथली माणसंही मान्सूनच म्हणतात. तो येण्याआधी धुळीची प्रचंड भिंत क्षितिजावरून चालून येते आणि दिवसाढवळ्या गाड्यांचे दिवे लावावे लागतात. दोन पावसांमुळे हे वाळवंट जगातल्या हिरव्या वाळवंटांपैकी एक झालं आहे. हात वर करून उभे असलेले सवारो निवडुंग, हिरव्या सालीचे पालो वेर्दे, मेस्कीट, सवारोच्या खोडात घर कोरणारे सुतारपक्षी असं सगळं इथं नांदतं.

गंमत म्हणजे चित्रपटांनी ‘अमेरिकन वाळवंटा’ची खूण म्हणून जगभर पोचवलेलं ते वाऱ्यावर गडगडत जाणारं काटेरी झुडूप, टंबलवीड, मुळात तिथलं नाहीच. ते एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आलेल्या जवसाच्या बियाण्यातून अमेरिकेत शिरलं आणि पसरलं. चँडलरनं या आगंतुकाला आपलं मानलं. १९५७ पासून दर नाताळात शहराच्या मध्यवर्ती चौकात शेकडो टंबलवीड एकत्र रचून, त्यांना रंग देऊन, दिवे लावून नाताळचं झाड उभं केलं जातं. पाइन वृक्ष नाही म्हणून कुणी रडत बसलं नाही. गावात जे उगवतं त्याचाच सण केला.

गैरसमज : आधी इथं काहीच नव्हतं

आता मूळ मुद्दा. सॉल्ट आणि हीला या दोन नद्यांच्या खोऱ्यात हजार-दीड हजार वर्षांपूर्वी होहोकाम लोकांनी कालवे खणले होते. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, ओढकामाची जनावरं नव्हती. लाकडी आणि दगडी अवजारांनी, टोपल्यांतून माती वाहून त्यांनी शेकडो किलोमीटरचं जाळं विणलं आणि त्यावर मका, घेवडा, भोपळा, कापूस पिकवला. पंधराव्या शतकाच्या सुमाराला त्यांच्या मोठ्या वसाहती ओस पडल्या. पण माणसं नाहीशी झाली नाहीत. अकिमेल ऑथम, ज्यांना इंग्रजी कागदपत्रांत पिमा म्हटलं गेलं, ते स्वतःला त्यांचेच वंशज मानतात. त्यांचं हीला रिव्हर इंडियन कम्युनिटी हे राखीव क्षेत्र १८५९ साली आखलं गेलं. अ‍ॅरिझोनातलं ते पहिलं, आणि ते चँडलरच्या थेट सीमेला लागून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे ऑथम शेतकरी सुस्थितीत होते. कॅलिफोर्नियाकडं सोन्याच्या मागे निघालेल्या प्रवाशांना आणि पुढं अमेरिकन लष्करालाही ते गहू विकत. मग नदीच्या वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतकऱ्यांनी पाणी वळवायला सुरुवात केली. १८७०-८० च्या दशकांत हीला नदी खाली पोचेनाशी झाली. ज्यांनी दुसऱ्यांची पोटं भरली, त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. शेतातला आहार सुटला, सरकारी शिध्याचं पीठ आणि चरबी ताटात आली. पुढं याच समाजातलं मधुमेहाचं भयंकर प्रमाण जगभरच्या वैद्यकीय अभ्यासांचा विषय झालं. रोगाचं मूळ शोधताना रक्त तपासलं गेलं. मला वाटतं, नदीही तितक्याच काळजीनं तपासायला हवी होती.

शेजारच्या मेसा गावात १८७८ साली आलेल्या मॉर्मन वसाहतकऱ्यांनी जुन्या होहोकाम कालव्यांचाच गाळ उपसून ते पुन्हा वापरात आणले. म्हणजे नव्या वस्तीची पहिली ओल जुन्या खोदकामातून आली. मेसात एका उद्यानात त्या प्राचीन कालव्यांचे उंचवटे अजून दिसतात.

मराठी मंडळींना हे सगळं पाहायला वाकडी वाट करावी लागत नाही. चँडलर परिसरातले अनेक भारतीय मरिकोपा गावाबाहेरच्या महागणपती मंदिरात जातात. तिकडं नेणारा रस्ता हीला रिव्हरच्या राखीव क्षेत्रातूनच जातो. दोन्ही बाजूंना दिसणारी मोकळी जमीन ‘रिकामी’ वाटते. त्याच क्षेत्रात होहोकामांचं स्नेकटाउन हे मोठं गाव आहे. विसाव्या शतकात तिथं दोनदा उत्खनन झालं, आणि नंतर ते सगळं पुन्हा मातीनं झाकून ठेवलं गेलं. पर्यटकांना तिथं प्रवेश नाही. पूर्वजांची जागा कुणी पाहायची आणि कुणी नाही हे त्या समाजानं ठरवलं आहे, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

गैरसमज : एका डॉक्टरनं शहर वसवलं

अलेक्झांडर जॉन चँडलर हे जनावरांचे डॉक्टर. जन्म १८५९, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात. १८८७ साली ते अ‍ॅरिझोनात पहिले सरकारी पशुवैद्यक म्हणून आले. दुष्काळात गुरं मरताना पाहिली, आणि खरा इलाज पाण्यात आहे हे ओळखून ते कालव्यांच्या धंद्यात उतरले. १८९१ साली त्यांनी कन्सॉलिडेटेड कॅनाल कंपनी काढली, आणि सुमारे १८,००० एकरांचं रँच उभं केलं. माणूस धडाडीचा आणि दूरदृष्टीचा, यात शंका नाही.

पण शहर जन्माला आलं ते सरकारी नियमामुळे. रूझवेल्ट धरण १९११ मध्ये पूर्ण झालं. केंद्र सरकारच्या पैशातून बांधलेल्या या धरणाचं पाणी एका मालकाला १६० एकरांपुरतंच मिळणार होतं. अठरा हजार एकर घेऊन बसलेल्या माणसापुढं एकच वाट होती: तुकडे पाडून विकणं. अ‍ॅरिझोना फेब्रुवारी १९१२ मध्ये राज्य झालं, आणि त्याच वर्षी १७ मे रोजी चँडलरच्या विक्री कचेरीचं दार उघडलं. कमाल जमीनधारणेचे कायदे पाहिलेल्या महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये.

पुढच्याच वर्षी सॅन मार्कोस हे देखणं हॉटेल उघडलं आणि थंड प्रदेशांतले धनिक हिवाळा घालवायला येऊ लागले. ते आजही शहराच्या मध्यभागी चालू आहे. विसाच्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी विख्यात वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांच्याकडून त्याहून मोठं, डोंगरउतारावरचं दुसरं हॉटेल आखून घेतलं. राइट आपले मदतनीस घेऊन आले, वाळवंटात लाकूड आणि कापडाचा तळ उभारून राहिले, नकाशे तयार केले. तेवढ्यात १९२९ चा शेअरबाजार कोसळला. हॉटेल कागदावरच राहिलं, आणि मंदीत डॉक्टरांच्या हातून सॅन मार्कोसही गेलं. त्याच हॉटेलच्या आवारातल्या एका कॉटेजमध्ये ते अखेरपर्यंत राहिले आणि १९५० साली नव्वदीत वारले. त्यांच्या नावाचं शहर तेव्हा एक लहानसं शेतीचं गाव होतं.

गैरसमज : शहामृग इथले

नाहीत. दर वसंतात भरणाऱ्या शहामृग महोत्सवामुळे तसं वाटतं. टोप्यांवरच्या पिसांची फॅशन जोरात असताना डॉक्टर चँडलर यांनी इथं शहामृगपालनाला उत्तेजन दिलं. पहिल्या महायुद्धाबरोबर फॅशन ओसरली, धंदा बसला. महोत्सव सुरू झाला तो थेट १९८९ साली.

गैरसमज : हे पहिल्यापासून गोऱ्या, सुखवस्तू लोकांचं उपनगर, बाकीचे चिप कंपन्यांबरोबर आले

पिसांच्या मागोमाग आला कापूस, आणि चँडलरचा समाज खरा घडला तो कापसावर. महायुद्धात इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस मिळेनासा झाला. टायरच्या आत घालायच्या कापडासाठी तो लागे. म्हणून गुडइयर कंपनीनं १९१६-१७ मध्ये इथं हजारो एकर घेतले आणि चँडलरच्या दक्षिणेला आपल्या नावाचं कामगारांचं गावच वसवलं. वेचणीसाठी मेक्सिकोतून माणसं आणली गेली. १९२० मध्ये भाव गडगडले तेव्हा परमुलखातून आणलेले मजूर उघड्यावर पडले. कापसाच्या भावावर घर चालणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. आज भारी शर्टांवर ज्या ‘पिमा कॉटन’चं नाव मिरवतं, त्याचं वाण हीला रिव्हर क्षेत्रातल्या सकाटन इथल्या सरकारी प्रयोगशेतावर वाढलं. तिथं राबलेल्या पिमा लोकांवरून त्याला हे नाव मिळालं. पाणी गेलं तरी नाव उरलं, पण नावावर पोट भरत नाही.

म्हणजे मेक्सिकन कुटुंबं इथं शंभर वर्षांपासून आहेत. कृष्णवर्णीय कुटुंबंही कापसाच्या काळापासून आहेत. अ‍ॅरिझोनात १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवणं कायदेशीर होतं, आणि चँडलरमध्येही तसंच होतं. याच शहरानं १९९० साली कॉय पेन या कृष्णवर्णीय शिक्षकाला महापौर म्हणून निवडलं. असे ते अ‍ॅरिझोनातले पहिले. हेवीवेट मुष्टियोद्धा झोरा फॉली हाही चँडलरचा. मुहम्मद अलीविरुद्ध जगज्जेतेपदासाठी लढलेला हा माणूस पुढं शहराच्या नगर परिषदेवर बसला.

ही चढती कमान एवढीच सांगून थांबता येत नाही. जुलै १९९७ च्या अखेरीस चँडलर पोलीस आणि केंद्र सरकारचं सीमा गस्ती दल यांनी मिळून पाच दिवस शहरात धरपकड केली. कागदपत्रं नसलेले म्हणून ४३२ जणांना पकडलं. पण रस्त्यात, दुकानांबाहेर, वस्त्यांमध्ये अडवलं कुणाला? रंग सावळा आणि बोलणं स्पॅनिश असलेल्यांना. त्यात जन्मानं अमेरिकन नागरिक असलेले, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले लोक होते. ‘तू इथला आहेस हे सिद्ध कर’ असं त्यांना त्यांच्याच गावात ऐकावं लागलं. राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी करून या कारवाईवर कडक ठपका ठेवला; खटले झाले, शहराला नुकसानभरपाई द्यावी लागली. ‘चँडलर राउंडअप’ हे शब्द तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन घरांत आजही जखमेसारखे आठवले जातात. आपल्या मंडळींनी हा प्रसंग जरूर वाचावा असं मला मनापासून वाटतं. सावळा रंग आणि परकी भाषा यांच्या बाबतीत आपण कुठल्या बाजूला उभे आहोत, हे त्यातून लख्ख दिसतं.

आणखी एक पान आहे. १९४२ ते ४५ या काळात हीला रिव्हर क्षेत्रात, तिथल्या समाजाचा विरोध डावलून, सरकारनं जपानी वंशाच्या लोकांसाठी बंदिवासाची छावणी उभारली. एका वेळी तेरा हजारांवर माणसं तिथं होती, त्यांतली बरीचशी अमेरिकन नागरिक. बेसबॉल खेळाडू केनिची झेनिमुरा यानं त्या रखरखाटात मैदान तयार करवलं आणि सामने सुरू केले. चँडलरच्या वस्तुसंग्रहालयानं या छावणीवर प्रदर्शन उभं केलं. जे शहर आपल्या शेजारच्या काटेरी कुंपणाची गोष्ट स्वतःची म्हणून सांगतं, त्याला इतिहास नाही असं म्हणवत नाही.

इंटेल आली ती १९८० मध्ये. तेव्हा लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती. १९९० मध्ये ती नव्वद हजारांच्या जवळ गेली आणि २००० मध्ये पावणेदोन लाखांवर. शेतं प्लॉट झाली, कापसाच्या जागी लाल कौलांची घरं आली. आज पाचांतला एक रहिवासी हिस्पॅनिक आहे, आणि दहांत एकाहून जास्त आशियाई, त्यांत भारतीय मोठ्या संख्येनं. या लांब रांगेत आपण सगळ्यात शेवटी आलेलो आहोत.

गैरसमज : कोरडा उन्हाळा बाधत नाही

‘घाम येत नाही, त्यामुळे ४५ अंश जाणवत नाहीत’ हे नागपुरातही ऐकू येतं आणि फीनिक्समध्येही. नागपूरकराला इथं एक ओळखीची गोष्ट भेटते: कूलर. बाष्पीभवनावर चालणारे कूलर १९३० च्या दशकात अ‍ॅरिझोनात घरोघरी बसू लागले. त्याआधी माणसं अंगणातल्या जाळीच्या ओसरीत ओल्या चादरी टांगून झोपत. उकाडा पहिल्यापासून जाणवत होताच.

कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, म्हणून शरीरातलं पाणी संपतंय हे कळत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ सेल्सियसच्या खाली उतरलं नाही. त्या वर्षी मरिकोपा काउंटीत, ज्यात फीनिक्स आणि चँडलर दोन्ही येतात, उष्णतेनं ६४५ माणसं दगावली. त्यांतले जवळपास निम्मे बेघर होते. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, पण तो बिघडलेला किंवा बंद होता. तेव्हा उन्हाळ्यात मुलांकडं जाणाऱ्या ज्येष्ठांनी सकाळी सातनंतर फिरायला निघू नये, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावं.

गैरसमज : इथं समाज नाही, फक्त गाड्या आणि गॅरेजची दारं आहेत

पहिल्या महिन्यात आलेल्या आजी-आजोबांची ही तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. चालत जाऊन भाजी आणावी असं शहर नाही हे. पण माणसं भेटतात, फक्त वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जागी. उन्हाळ्यात पहाटे उद्यानांत. ऑक्टोबर ते एप्रिल मोकळ्या हवेत सगळीकडं. ग्रंथालयं गजबजलेली असतात. व्हेटरन्स ओएसिस नावाच्या उद्यानातल्या तळ्यांभोवती पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या आपसांत ओळखी होतात. ही तळी शोभेची नाहीत. शुद्ध केलेलं सांडपाणी तिथून जमिनीत मुरवलं जातं. म्हणजे शहराच्या पाण्याची तिजोरी हीच त्याची गप्पांची जागा आहे.

गैरसमज : वाढत्या वस्तीनं वाळवंटाचं पाणी संपवलं

हा गैरसमज सुशिक्षितांचा, म्हणून जरा तपशिलात.

चँडलरला पाणी मिळतं ते सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांच्या धरणांतून, कोलोरॅडो नदीतून, आणि काही प्रमाणात भूजलातून. कोलोरॅडोचं पाणी सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्टच्या ५४० किलोमीटर लांब कालव्यानं, वाटेत पंपांनी आठशे मीटरहून जास्त उचलून आणलेलं असतं. घरं वाढली तसा एकूण वापर त्याच पटीत वाढायला हवा होता. तसं झालं नाही. लोकसंख्या कित्येक पटींनी वाढूनही अ‍ॅरिझोना राज्याचा एकूण पाणीवापर आज १९५० च्या दशकाच्या अखेरीस होता त्याच्या आसपासच आहे. कारण साधं आहे: एक एकर कापूस किंवा लसूणघास जेवढं पाणी पितो, तेवढं सहसा एक एकर घरांना लागत नाही. आजही राज्याचं सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी शेतीला जातं.

दुसरं कारण कायद्याचं. १९८० च्या भूजल कायद्यानं फीनिक्स परिसरात नव्या वसाहतीला परवानगी देण्याआधी शंभर वर्षं पुरेल एवढ्या पाण्याची खात्री दाखवणं बंधनकारक केलं. टँकरवर विसंबून टॉवर उभे करणाऱ्या आपल्या शहरांनी हा कायदा अभ्यासावा. तो फुलप्रूफ नाही. २०२३ मध्ये राज्याच्याच अभ्यासात भूजल कमी पडणार असं दिसलं, आणि फक्त भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना नवी प्रमाणपत्रं देणं थांबलं. पण मोजून नाही म्हणण्याची ताकद सरकारात आहे.

म्हणून चिंता संपली असं नाही. कोलोरॅडोवर २०२२ पासून अधिकृत तुटवड्याचे निर्बंध आले आणि अ‍ॅरिझोनाला मोठी कपात सोसावी लागली. चिप कारखान्याला अतिशुद्ध पाणी प्रचंड लागतं. त्यातलं बरंचसं शुद्ध करून परत वापरता येतं, आणि चँडलरनं त्यासाठी इंटेलबरोबर यंत्रणा उभी केली आहे. शहर आपलं जवळजवळ सगळं सांडपाणी पुन्हा कामाला लावतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची उलथापालथ. २००४ साली अमेरिकन संसदेनं पाणीवाटपाचा कायदा केला आणि हीला रिव्हर समाजाचा शतकभराचा दावा मान्य झाला. त्यांना वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. आपल्या मापात ते सुमारे साडेअठ्ठावीस टीएमसी होतात; पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची क्षमता जवळपास तेवढीच आहे. ज्यांची नदी पळवली गेली, ते आज मध्य अ‍ॅरिझोनातले कोलोरॅडोच्या पाण्याचे सगळ्यात मोठे हक्कदार आहेत. त्याच तडजोडीत चँडलर आणि मेसा आपलं शुद्ध केलेलं सांडपाणी त्यांच्या शेतीला देतात आणि बदल्यात त्यांच्या वाट्याचं, प्रमाणानं थोडं कमी, कोलोरॅडोचं पाणी घेतात. म्हणजे चँडलरच्या घरातल्या मोरीतलं पाणी शुद्ध होऊन ऑथम शेतकऱ्याच्या शेताकडं जातं.

२०२३ मध्ये कोलोरॅडोवरचा लेक मीड जलाशय सावरावा म्हणून या समाजानं आपल्या वाट्याचं मोठं पाणी न वापरता तसंच ठेवलं आणि केंद्र सरकारकडून त्याचा मोबदला घेतला. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या एका कालव्यावर सौर पॅनेलचं छत घातलं. अमेरिकेत असं प्रथमच झालं. गुजरातनं नर्मदा कालव्यावर ते त्याच्या बारा वर्षं आधी करून दाखवलं होतं. वीजही मिळते आणि पाणीही कमी उडून जातं. चँडलरच्या पुढच्या वाढीचे करार कुणाबरोबर करावे लागतील, हे आता शहराच्या सीमेपलीकडच्या या शेजाऱ्यांच्या पाण्यावरही ठरणार आहे.